चादर, चटणी आणि रील : एडिट्स अॅप वापरून काय वाटलं

मी सोलापुरात छोट्या उद्योगांसाठी रील करून देते. चादरी-टॉवेलचे कारखानदार, शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकणाऱ्या बायका, शाळेचे गणवेश शिवणारे, नवी पेठेतली कपड्यांची दुकानं हे माझे गिऱ्हाईक. शूटिंग मोबाइलवर, एडिटिंगही बहुतेक मोबाइलवरच. सध्या त्या एडिटिंगचं जवळपास सगळं काम मेटाच्या (इन्स्टाग्रामची मालक कंपनी) 'एडिट्स' या अॅपवर चालतं. ते कसं आहे असं हे काम नव्याने सुरू करणाऱ्या मुली सतत विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

मला ते आवडतं. फुकट आहे हे एक कारण आहेच. पण मोठं कारण हे की माल आणि बघणारा यांच्या मधे ते फारसं येत नाही. ब्रँडचं काम करणाऱ्याला अॅपकडून तेवढंच हवं असतं. स्वतःच्या हौसेसाठी रील टाकणाऱ्याला इफेक्ट हवे असतात, स्टिकर हवे असतात. मला टॉवेलचा पांढरा रंग पांढराच दिसायला हवा आणि चटणीचं तेल चमकायला हवं.

थोडी पार्श्वभूमी. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ चिनी अॅप्सवर बंदी आली आणि लगेच जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. टिकटॉकवर व्हिडिओ करणारी आमच्याकडची पोरं-पोरी तिकडे वळली आणि बघता बघता दुकानदारही आले. एडिटिंगसाठी मात्र ज्याला जे सापडेल ते अॅप. एडिट्सची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली आणि २२ एप्रिल २०२५ ला ते अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींवर आलं. वापरायला इन्स्टाग्रामचं खातं लागतं.

त्याआधी मी जे अॅप वापरत होते ते फुकट म्हणून घेतलेलं. सगळं कापून, जोडून, नावं टाकून झाल्यावर सेव्ह करायला गेलं की कोपऱ्यात त्यांचा शिक्का. काढायचा तर पैसे भरा. एका गणवेशवाल्यांच्या रीलवर तो शिक्का राहिला आणि त्यांनी मला साधा प्रश्न विचारला, "पैसे आम्ही दिले, मग हे नाव कुणाचं?" त्यांचं बरोबर होतं. एडिट्समधून निघणाऱ्या फाइलवर कुठलाच शिक्का नसतो. ती इन्स्टाग्रामवर टाका, यूट्यूब शॉर्ट्सवर टाका, व्हॉट्सअॅप स्टेटसला लावा किंवा दुकानातल्या टीव्हीवर दिवसभर फिरवा. माझे निम्मे गिऱ्हाईक रील आधी स्टेटसलाच लावतात, कारण त्यांचे घाऊक व्यापारी तिथे बसलेले असतात.

आता खऱ्या कामाचं बोलते. सोलापुरात ब्रँडचं रील करायचं म्हणजे कधी ना कधी यंत्रमागासमोर उभं राहावं लागतंच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात शिरा. मागांचा खटखट आवाज इतका की शेजारचा माणूस कानाशी येऊन बोलतो. वर ट्यूबलाइट. हवेत सुताची धूळ. अशा ठिकाणी मोबाइलने व्हिडिओ घेतला की पहिली अडचण उजेडाची येते. चित्रावर काळे पट्टे वर-खाली सरकत राहतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकच्या ट्यूब आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटरचा वेग सेकंदाचा १/५० किंवा १/१०० भाग ठेवला की पट्टे जातात. एडिट्सच्या कॅमेऱ्यात रिझोल्यूशन, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) आणि डायनॅमिक रेंज (उजेड-अंधारातला फरक किती टिपायचा) निवडता येते, सलग दहा मिनिटांपर्यंत चित्रण करता येतं. त्यामुळे मालकाची मुलाखत, दुकानातली गर्दी, पॅकिंग हे सगळं मी थेट अॅपमध्येच घेते. मागाजवळ मात्र शटर माझ्या हाती हवं असतं, म्हणून ते शॉट फोनच्या प्रो मोडमध्ये घेऊन मग अॅपमध्ये आणते. नव्याने काम सुरू करणाऱ्या प्रत्येकीने एवढं तरी शिकावं. पट्टे आलेला शॉट कुठल्याही अॅपमध्ये धड सुधारत नाही.

मी नेहमी ४के मध्ये घेते. रील शेवटी १०८० बाय १९२० पिक्सेलचीच जाते, मग कशाला, असं पोरं विचारतात. ४के मध्ये पिक्सेल त्याच्या चौपट असतात. उभ्या फ्रेममध्ये पूर्ण माग घेतलेला असेल तर त्याच शॉटमधून नुसती नक्षी किंवा नुसता हात मोठा करून काढता येतो आणि चित्र फाटत नाही. कामगाराला पुन्हा थांबवावं लागत नाही. त्याची मजुरी किती कापड निघालं यावर असते. आपल्या शॉटसाठी त्याचा माग बंद ठेवणं मला पटत नाही, आणि मालकालाही ते परवडत नाही.

इथे एडिट्सची टाइमलाइन मला फार उपयोगी पडते. एकेका फ्रेमपर्यंत जाऊन काप घेता येतो. हे ऐकायला साधं वाटेल, पण मागाचं सगळं सौंदर्य तालात असतं. फणीचा ठोका बसतो त्याच क्षणी पुढचा शॉट यायला हवा. दोन-तीन फ्रेम इकडे-तिकडे झाल्या तरी ठोका आणि चित्र सुटं वाटतं. मी मागाचा खरा आवाज खाली पसरते, त्याच्या लाटा मोठ्या करून बघते आणि प्रत्येक उंच टोकावर काप घेते. माग, वरची जॅकार्डच्या (नक्षी विणवणाऱ्या यंत्राच्या) पुठ्ठ्यांची माळ, विणकराचे डोळे, मग चादरीचा कोपरा. संगीत लागतच नाही. अशा एका रीलवर एका कारखानदारांच्या आईंनी, त्या घरात तेलुगू बोलतात, मुलाला सांगितलं की हा आपल्याच शेडचा आवाज आहे, गाण्यापेक्षा हाच ठेव. त्यांनी तो अख्ख्या संसारभर ऐकलाय. त्यांचं म्हणणं मी तेव्हापासून प्रत्येक मालकाला सांगते.

आवाज स्वच्छ करण्याची सोय अॅपमध्ये आहे. माणसाचा आवाज उठून दिसावा आणि मागचा गोंगाट कमी व्हावा म्हणून. पंख्याची किंवा रस्त्याची एकसुरी घरघर असेल तर मी ती वापरते आणि काम चांगलं होतं. पण मागाशेजारी उभं राहून घेतलेल्या मुलाखतीवर ती वापरू नये असं माझं ठाम मत आहे. घरघर सलग असते, ती ओळखून वजा करणं कुठल्याही साधनाला सोपं जातं. मागाचे ठोके तुटक असतात आणि माणसाच्या आवाजाच्याच पट्ट्यात पसरलेले असतात. ते पुसायला गेलं की शब्दांची टोकंही पुसली जातात. म्हणून मी मालकाला किंवा विणकराला बाहेर, सुताच्या गोण्यांमागे नेते. शर्टला छोटा वायरलेस माइक लावते. नंतर मागाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर हळू ठेवते. दोन्ही खरे, दोन्ही त्याच जागचे.

रंगाचं प्रकरण याहून नाजूक. चादरीचा मरून आणि गडद लाल मोबाइलवर भडक होतो. ऑनलाइन मागवणारा माणूस पुण्याहून, हैदराबादहून रील बघून ऑर्डर देतो, घरी वेगळाच रंग निघाला की चादर परत. तो परतीचा खर्च छोट्या मालकाच्या खिशातून जातो. म्हणून मी एचडीआर, म्हणजे उजेड आणि रंग वाढवून दाखवणारी पद्धत, बंद ठेवते. एचडीआरमध्ये घेतलेला शॉट एका फोनवर झगझगीत, दुसऱ्यावर फिका दिसतो. एक्सपोर्ट करताना, म्हणजे तयार फाइल बाहेर काढताना, पुन्हा एकदा तपासते की ती साध्या एसडीआरमध्येच जातेय. फिल्टर शून्य. उजेडात खिडकीपाशी चादर ठेवून व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणूनची जुळणी) एकदा बांधून टाकते आणि एडिट झाल्यावर फोनशेजारी खरी चादर धरून बघते. मालकालाही तसंच धरून बघायला लावते. अॅपमध्ये रंग फिरवायच्या पट्ट्या आहेत, पण ब्रँडच्या मालावर त्यांना हात लावायचाच तर फक्त खऱ्या रंगापर्यंत परत यायला.

सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. तरीही सोलापुरी म्हणून कुठल्या कुठल्या चादरी विकल्या जातात, हे इथल्या प्रत्येक मालकाचं दुखणं आहे. म्हणूनच मला वाटतं की चादरीच्या रीलमध्ये सुंदर मॉडेल आणि बेडरूम दाखवण्यापेक्षा माग दाखवावा, कापडाची काठ दाखवावी, कोपरा उलटून मागची बाजू दाखवावी, जिथे तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते. बघणाऱ्याला खरी चादर ओळखायला शिकवलं की तो दुसरीकडे फसत नाही. वीस-पंचवीस सेकंदांत एवढं होतं.

यावरूनच अॅपमधल्या एआयबद्दल. एडिट्समध्ये एका स्थिर फोटोला हालचाल देऊन व्हिडिओ करण्याची सोय आहे. वस्तू पार्श्वभूमीतून कापून काढता येते, मागे दुसरं काहीही लावता येतं. कापून काढणं मी वापरते, चटणीची बरणी वेगळी काढून तिच्यामागे भाव लिहायला फार सोयीचं जातं. फोटोला हालचाल देणं मी मालासाठी वापरत नाही. अशी कुठलीही प्रणाली पुढची फ्रेम अंदाजाने रचते. चादर वाऱ्यावर हलल्यासारखी दिसेल, पण तिच्या घडीतून पुढे आलेली नक्षी त्या कारखान्यात विणलेलीच नसेल. गिऱ्हाईकाला आपण न विणलेलं कापड दाखवलं असं ते होतं. एका तरुण मालकाने आग्रह धरला तेव्हा मी त्याला हेच सांगितलं आणि गच्चीवर चादर वाळत घालून खऱ्या वाऱ्यात शॉट घेतला. सोलापुरात वारा आणि ऊन फुकटच मिळतं.

चटणीच्या कामात अॅपपेक्षा कान आणि उजेड महत्त्वाचे. विडी घरकुलाकडे राहणाऱ्या एका अक्कांसाठी मी नियमित काम करते. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ उखळात कुटत कुटत तेल सुटेपर्यंत नेतात. मिक्सरमधली पूड आणि ही चटणी यातला फरक जिभेला कळतो, तो डोळ्याला कळवायचा हे माझं काम. उजेड समोरून मारला की चटणी मातीसारखी सपाट दिसते. बाजूने, थोडा खालून आला की सुटलेलं तेल चमकतं आणि दाण्याचे कण दिसतात. तो शॉट मी सगळ्यात आधी ठेवते. मुसळाचा ठोका, मग बोटांनी उचललेली चिमूट, मग कडक भाकरी मोडल्याचा आवाज. त्या आवाजासाठी माइक भाकरीच्या अगदी जवळ धरावा लागतो आणि घरातला पंखा बंद करावा लागतो. उन्हाळ्यात हे फार कठीण, पण त्या एका कटकन आवाजावर माणूस थांबतो.

अक्का पहिल्यांदा वैतागल्या होत्या. "किती वेळ काढलालीस गं त्याच चटणीला, गार होऊलालंय की सगळं!" नंतर तयार रील दाखवली तर त्यांनी ती तिथल्या तिथे तीनदा बघितली आणि शेजारणीला बोलावलं. आता त्याच मला सांगतात की उजेड खिडकीतून सकाळी चांगला येतो, तेव्हा ये.

खाण्याच्या ब्रँडबद्दल एक गोष्ट फार कळकळीने सांगावीशी वाटते. ज्वारीची भाकरी आहे म्हणून 'शुगर बरी होते', 'वजन उतरतं' असं रीलवर लिहायला सांगणारे गिऱ्हाईक भेटतात. लिहू नका. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी एफएसएसएआयचे (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) २०१८ चे नियम आहेत, रोग बरा होण्याचे दावे त्यात बसत नाहीत. त्याऐवजी मंगळवेढ्याची ज्वारी वापरत असाल तर ती दाखवा, तिलाही मानांकन आहे. पाकिटावरचा १४ अंकी परवाना क्रमांक एका शॉटमध्ये स्पष्ट दिसू द्या. दुसरं, तुम्ही पैसे किंवा माल घेऊन स्वतःच्या पानावर एखाद्याची तारीफ करत असाल तर ते जाहिरात आहे असं ठळक लिहा. एएससीआयचे (जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था) याबद्दलचे नियम जून २०२१ पासून लागू आहेत. मी लिहिते, आणि त्याने लोक पळून गेलेत असं मला कधी दिसलं नाही.

मराठी अक्षरांकडे वळते, कारण बहुतेक परीक्षणांत हा मुद्दा येतच नाही. २०२५ च्या अखेरीस एडिट्समध्ये देवनागरीसाठी नवे फाँट आले. माझ्यासाठी तो या अॅपमधला सगळ्यात महत्त्वाचा बदल होता. त्याआधी इंग्रजीला रुबाबदार अक्षरं आणि मराठीला फोनचं ठरलेलं एकच वळण, असा प्रकार सगळीकडेच चालायचा. रीलवर 'शेंगा चटणी' ठसठशीत दिसणं ही सजावटीची बाब नाही, ते त्या ब्रँडचं नाव आहे. तरी अक्षर टाकताना काळजी घ्यावीच लागते. देवनागरीला वर वेलांट्या, रफार आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी. फार जाड अक्षर लहान आकारात वापरलं तर जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात. ब्रँडचं मुख्य नाव आणि भाव मी 'मुक्ता' या फाँटमध्ये वेगळ्या चित्रात करून पारदर्शक पार्श्वभूमीवर अॅपमध्ये आणते. मुक्ता हा 'एक टाइप' नावाच्या मुंबईच्या संस्थेचा मुक्त परवान्याचा फाँट आहे, व्यवसायासाठी बिनधास्त वापरता येतो. म्हणजे प्रत्येक रीलमध्ये अक्षराचं वळण तेच राहतं.

बोलण्याखालचे मथळे (कॅप्शन) आपोआप तयार करण्याची सोय अॅपमध्ये आहे, पण मी मराठी मथळे हाताने टाकते. सोलापूरचं बोलणंच असं आहे. माझे गिऱ्हाईक एका वाक्यात मराठी सुरू करतात, मधे तेलुगूत बायकोला काहीतरी सांगतात आणि कन्नडमध्ये संपवतात. ते सगळं रीलमध्ये राहावं आणि खाली त्याचं मराठी सरळ वाचता यावं, असा माझा प्रयत्न असतो. हाताने टाकताना कुठला शब्द कुठल्या क्षणी यावा हेही ठरवता येतं. मथळे पडद्याच्या अगदी तळाशी ठेवू नयेत, तिथे इन्स्टाग्रामची बटणं आणि खात्याचं नाव येतं. आणि २०२५ पासून प्रोफाइलवरचे चौकोन उभे झालेत, ३:४ चे. पूर्वीच्या चौरसासाठी बेतलेली कव्हरं आता नव्याने बघून घ्यावी लागतात.

कॅमेऱ्यासमोर बोलताना वाचता यावं म्हणून टेलिप्रॉम्प्टर आहे. मी तो मालकांना देत नाही. वाचायला लागले की त्यांचा आवाज शाळेतल्या भाषणासारखा होतो. त्याऐवजी मी कॅमेऱ्याशेजारी बसून विचारते, "अण्णा, तुमच्या वडिलांनी पहिला माग कसा घेतला?" आणि मग अण्णा थांबत नाहीत. टेलिप्रॉम्प्टर मी स्वतः भाव आणि पत्ता सांगताना वापरते, तिथे चूक चालत नाही. कीफ्रेमची सोय, म्हणजे चित्र कुठे सुरू होऊन कुठे थांबायचं ते ठरवून अॅपकडून मधली हालचाल करून घेणं, मात्र भरपूर वापरते. चादरीवर हळूच पुढे सरकणारा कॅमेरा हवा असेल आणि ट्रॉली नसेल, तर ४के शॉटमध्ये कीफ्रेमने तो सरकवता येतो.

संगीताच्या बाबतीत नव्या पोरांची फार फसगत होते. व्हायरल झालेलं, सगळीकडे वाजणारं गाणं ब्रँडच्या रीलला लावायचा मोह सगळ्यांना होतो. इन्स्टाग्रामवर व्यवसाय म्हणून नोंदवलेल्या खात्याला परवाना असलेल्या गाण्यांचा पूर्ण साठा मिळत नाही, कारण ती गाणी जाहिरातीसाठी दिलेली नसतात. गाणं आधीच एडिटमध्ये जोडून टाकलं तर रीलचा आवाज बंद होऊ शकतो. मेटाचं स्वतःचं साउंड कलेक्शन आहे, त्यातले तुकडे व्यवसायासाठी वापरता येतात. मला ते चालतं, पण त्याहून मला इथले आवाज आवडतात. माग, उखळ, शिलाई मशीन, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेतली गर्दी. हे आवाज मी फोनमध्ये वेगळे साठवून ठेवते. जानेवारीत त्या यात्रेच्या दिवसांत फिरून घेतलेले आवाज वर्षभर पुरतात.

मालकाशी होणारा सगळ्यात मोठा वाद पहिल्या तीन सेकंदांवरून असतो. त्यांना आधी दुकानाचा बोर्ड हवा, मग वडिलांचा हार घातलेला फोटो, मग लोगो फिरत आलेला, मग माल. त्यामागची भावना मला कळते. वडिलांनी उभं केलेलं नाव आहे ते. पण अंगठा वर सरकवणारा अनोळखी माणूस बोर्डासाठी थांबत नाही, तेल सुटलेल्या चटणीसाठी थांबतो. इथे अॅपमधले आकडे माझ्या बाजूने बोलतात. आपल्या रील्स किती जणांनी बघितल्या, किती जण सुरुवातीलाच पुढे निघून गेले, हे तिथे दिसतं. खातं मालकाचं असतं, म्हणून मी संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी त्यांच्याशेजारी बसून त्यांच्याच फोनवर हे दाखवते. बोर्डाने सुरू होणारी आणि मालाने सुरू होणारी रील शेजारी शेजारी ठेवते. बहुतेक जण मग स्वतःच म्हणतात, बोर्ड शेवटी घेऊ. वडिलांचा फोटो मी कधीच काढून टाकत नाही. तो शेवटच्या शॉटला, मागाच्या आवाजावर येतो, आणि तिथे तो जास्त शोभतो. रील आता जास्त लांब टाकता येते म्हणून ती भरावीच असं मात्र नाही.

या अॅपच्या मर्यादा त्याच्या स्वभावातच आहेत. ते इन्स्टाग्रामसाठी आणि हातातल्या फोनसाठी बनलेलं आहे. दिवाळीसाठी कारखान्याची सहा-सात मिनिटांची फिल्म करायची असेल, खूप ट्रॅक असतील, रंग बारकाईने जुळवायचे असतील, तर मी संगणकावर दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती वापरते. दुसरं म्हणजे फोनची जागा. ४के क्लिप साठत गेल्या की फोन भरतो. काम संपलं की मूळ क्लिप मी लगेच हार्ड डिस्कवर टाकते, कारण पुढच्या वर्षी तोच मालक तोच शॉट मागतो. आणि एप्रिल-मेमधल्या आपल्या उन्हात कुठलाही फोन तापतोच, तापला की मंदावतो. त्या महिन्यांत मी एक्सपोर्ट पहाटे किंवा रात्री करते, फोनचं कव्हर काढून, पंख्याखाली.

ज्यांना एका दुकानाचं पान सांभाळायचंय, ज्यांच्याकडे बरा अँड्रॉइड फोन आहे आणि पैसे फार नाहीत, त्यांनी दुसरीकडे न शोधता एडिट्सच घ्यावं असं मी सांगेन. वाचलेल्या पैशांत एक छोटा माइक आणि एक बरा ट्रायपॉड घ्या. तिसरं काही लागलंच तर एलईडी दिव्यांची छोटी पाटी, तीही न लुकलुकणारी बघून.

काम हातात देतानाची एक गोष्ट सांगायची राहिली. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की फाइल दाबली जाते, टॉवेलचे धागे वितळल्यासारखे दिसतात. मालक तीच दबलेली फाइल इन्स्टाग्रामवर टाकतात आणि इतक्या मेहनतीची रील पुसट दिसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि मालकाने ती डाउनलोड करून टाकली का, हे त्यांच्या मुलाला फोन करून विचारा. दुकानाच्या पानाचा पासवर्ड बहुतेक वेळा त्याच्याकडेच असतो.